एका काळ्या पुडीचें कर्तृत्व

प्रपंचांत असा एक नियमच दिसतो कीं, ज्याच्या हातून काम पार पडतें त्याचें नांव क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. लग्न लागतें, वधूवर सुखानें नांदूं लागतात, व्याही परस्परांचे गोडवे गातात. परंतु ज्या गृहस्थानें उन्हातान्हांतून चार खेटे घालून दोन्ही घरांचीं मनें जुळवून आणलीं, त्याची आठवण पहिल्या दिवाळसणापर्यंत तरी कोणास राहते? रसायनशास्त्राच्या संसारांतहि असे पुष्कळ मध्यस्थ आहेत. त्यांपैकीं एकाची ओळख या महिन्याच्या सदरांत वाचकांस करून द्यावी असें आम्हीं योजिलें आहे. त्याचें नांव कॉपर क्रोमाइट. दिसावयास ती काजळीसारखी काळी, बारीक पूड. तिला चकाकी नाहीं, आणि ती पाण्यांत विरघळतहि नाहीं.

हें नांव ज्यांच्या कानांवर कधीं आलें नाहीं, त्यांच्याहि घरांत या पुडीच्या हातचें काम पोंचलें असण्याचा पुष्कळ संभव आहे. न्हाणीघरांतील शांपूच्या बाटलीवर बारीक अक्षरांत घटकद्रव्यांची जी यादी असते, तींत ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ किंवा त्याचा भाऊबंद ‘सोडियम लॉरेथ सल्फेट’ हें नांव वारंवार आढळतें. फेस आणणारें हें द्रव्य खोबरेल तेलापासून करावयाचें झाल्यास तेलाचें आधीं एका मेणचट मद्यार्कांत रूपांतर करावें लागतें. आणि तें रूपांतर घडवून आणण्याचें काम गेलीं कित्येक दशकें तांबें व क्रोमियम यांपासून बनलेल्या या पुडीकडे सोंपविलें गेलें आहे.

प्रथम तिचा जन्म पाहूं. कॉपर नायट्रेटचा निळा द्राव ऊन करून त्यांत अमोनियम डायक्रोमेटचा नारिंगी द्राव अमोनियासह ओतला, म्हणजे नारिंगी-तपकिरी साका खालीं बसतो. तो गाळून, वाळवून, सुमारें ३५० ते ४५० अंश सेंटिग्रेड उष्णतामानापर्यंत तापविला कीं त्याचें विघटन होऊं लागतें. वाफ व इतर वायु बाहेर पडतात, आणि पाहतां पाहतां नारिंगीचा तपकिरी व तपकिरीचा काळा रंग होतो. शाळेंतील प्रयोगशाळेंत अमोनियम डायक्रोमेटचा ढीग पेटवून ‘ज्वालामुखी’ दाखवितात, तो ज्या मुलांनीं पाहिला असेल त्यांस या क्रियेची कल्पना सहज येईल. तेथें नारिंगी स्फटिकांची हिरवी राख होते. येथें तांब्याची संगत लाभल्यामुळें काळी पूड हातीं येते. शेवटीं ती पूड सौम्य ॲसेटिक आम्लानें, म्हणजे शिर्क्यांतील आम्लानें, धुऊन तिच्यांतील जादा कॉपर ऑक्साइड काढून टाकतात.

अशा संयुगाचें वर्णन १९०८ सालापासून शास्त्रीय वाङ्मयांत आढळतें. दोन अणु तांबें, दोन अणु क्रोमियम व पांच अणु प्राणवायु असें तिचें सूत्र पुस्तकांत देतात, परंतु तें व्यवहाराच्या सोयीपुरतें. वस्तुतः ती एकजिनसी नाहीं. स्पिनेल नांवाच्या रत्नाशीं आंतररचनेनें मिळताजुळता असा एक स्फटिकमय पदार्थ आणि तांब्याचें काळें ऑक्साइड यांचें तें अत्यंत सूक्ष्म मिश्रण असतें. तिच्या अंगच्या गुणांचें रहस्य या सूक्ष्मतेंतच दडलेलें आहे, हें पुढें ध्यानांत येईल.

आतां तिच्या कामाकडे वळूं. जो पदार्थ रासायनिक क्रियेचा वेग वाढवितो, परंतु क्रियेच्या शेवटीं स्वतः खर्ची पडत नाहीं, त्यास उत्प्रेरक म्हणतात. येवढी व्याख्या शाळकरी मुलांसहि पाठ असते. तीवरून पुष्कळांचा असा समज होतो कीं, उत्प्रेरक हा नामानिराळा राहून दुरूनच काम करवितो. हा समज बरोबर नाहीं. हायड्रोजनच्या प्रत्येक रेणूंत दोन अणु एकमेकांस घट्ट बिलगून असतात, आणि ते सुटल्याखेरीज दुसऱ्या कोणाशीं त्यांचा संयोग होणें कठीण. या पुडीच्या पृष्ठभागावरील तांब्याच्या कणांवर हायड्रोजन येऊन बसला कीं ती जोडी सुटते. शेजारींच तेलाचा रेणु येऊन टेकतो. मोकळे झालेले हायड्रोजनचे अणु त्याच्या स्वाधीन होतात. नवा पदार्थ उठून जातो, आणि जागा पुढच्यासाठीं मोकळी होते. म्हणजे उत्प्रेरक क्षणोक्षणीं त्या व्यवहारांत गुंततो व क्षणोक्षणीं त्यांतून सुटतो. अलिप्तता असलीच तर ती अखेरच्या हिशेबांत, कामांत नव्हे.

हायड्रोजनची तेलाशीं गांठ घालून देणारा दुसरा एक उत्प्रेरक आपल्या ओळखीचा आहे. वनस्पति तूप करतांना तेलांत निकल धातूची पूड घालून हायड्रोजन सोडतात. तेलाच्या रेणूंत कर्बाच्या अणूंची लांब सांखळी असते, आणि तींत अधूनमधून दुहेरी बंध असतात. निकल त्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवितें, त्यामुळें पातळ तेल घट्ट होतें. परंतु सांखळीच्या टोंकाशीं प्राणवायूचे जे दोन अणु बसलेले असतात, त्यांस निकल त्या परिस्थितींत हात लावीत नाहीं. म्हणून तेलाचें तूप झालें तरी तें स्निग्धच राहतें. कॉपर क्रोमाइटचें लक्ष नेमकें त्या टोंकावर. तेथील प्राणवायूचा एक अणु बाजूस सारून तें टोंकाला हायड्रोजन जोडतें, आणि मेदाम्लाच्या जागीं मेदमद्यार्क तयार होतो.

हें पूर्वीं सोपें नव्हतें. मेदमद्यार्क हवा असल्यास एक तर देवमाशाच्या डोक्यांतील मेणाची वाट पाहावी लागे, नाहीं तर १९०३ सालीं बूव्हो व ब्लां या फ्रेंच रसायनज्ञांनीं दाखविलेल्या मार्गानें सोडियम धातु खर्चावा लागे. सोडियम महाग, पाण्याचा स्पर्श होतांच पेट घेणारा, आणि एकदां वापरला कीं संपला. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत होमर ॲडकिन्स (१८९२–१९४९) हे हायड्रोजनच्या क्रियांचा अभ्यास करीत होते. त्यांनीं आपले विद्यार्थी राल्फ कॉनर व कार्ल फोकर्स यांजसह १९३१ सालीं कॉपर क्रोमाइटचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच सुमारास ड्यू पाँट कंपनींत विल्बर लेझियर हेहि याच वाटेनें चालले होते. म्हणून या पुडीस कोणी ‘ॲडकिन्सचा उत्प्रेरक’ म्हणतात, तर कोणी ‘लेझियरचा’. यांतील फोकर्स यांचें नांव पुढें निराळ्याच कारणानें गाजलें: १९४८ सालीं ब-१२ हें जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपांत वेगळें करणाऱ्या एका संशोधकगटाचे ते प्रमुख होते.

ॲडकिन्स यांच्या पद्धतींत सुमारें २५० अंश उष्णतामान व हवेच्या दाबाच्या दोनशें-तीनशें पट दाब लागे. दोनशें पट दाब म्हणजे किती? समुद्रांत दोन हजार मीटर खोल गेल्यावर अंगावर पाण्याचा जो भार येईल तितका. त्यासाठीं जाड पोलादी पात्रें हवींत, आणि तीं काळजीपूर्वक हाताळणारे लोकहि हवेत. म्हणूनच १९४७ सालीं लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड हें नवें द्रव्य निघालें, तेव्हां प्रयोगशाळेंतील रसायनज्ञ मोठ्या प्रमाणावर त्याकडे वळले. कांचेच्या साध्या चंबूंत तेंच काम होऊं लागलें. परंतु तें द्रव्य सोडियमप्रमाणेंच खर्ची पडणारें. जेथें टनांच्या हिशेबानें माल काढावयाचा, तेथें परत परत उपयोगी पडणाऱ्या पुडीचें महत्त्व कमी झालें नाहीं.

खोबरेल तेलांतील मेदाम्लांचा जवळजवळ अर्धा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्यापासून लॉरिल मद्यार्क होतो; त्यावर गंधकाच्या आम्लवर्गीय द्रव्याची क्रिया करून, सोड्यानें आम्लपणा मारला, म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट तयार होतें. या जातीचीं धुण्याचीं द्रव्यें जर्मनींत ‘फेवा’ या नांवानें १९३२ सालीं व अमेरिकेंत ‘ड्रेफ्ट’ या नांवानें १९३३ सालीं बाजारांत आलीं. त्यांचें महत्त्व ज्यांस जड पाण्याचा अनुभव आहे त्यांस निराळें सांगावयास नको. ज्या विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं, त्यांत साबणहि फेसाळत नाहीं; चुनखडीच्या क्षारांशीं मिळून त्याचा चिकट मळ होतो आणि तो कपड्यांवरच बसतो. नव्या द्रव्याचा असा साका होत नसे. सोवळ्याचें रेशमी वस्त्र असो कीं लोकरीचें पांघरूण असो, जड पाण्यांतहि तें सौम्यपणें धुतां येऊं लागलें.

येथवर वाचून एखाद्या चिकित्सक वाचकाच्या मनांत असा प्रश्न येईल कीं, ही पूड हायड्रोजन नेहमीं जोडण्याचेंच काम करते काय? तसें नाहीं, आणि हीच आम्हांस या विषयांतील सर्वांत विचारार्ह गोष्ट वाटते. दाब मोठा ठेवून हायड्रोजन भरपूर दिला, तर ती हायड्रोजन जोडते. उलट साध्या दाबाखालीं, तापलेल्या पुडीवरून मद्यार्काची वाफ सोडली, तर तीच पूड त्या मद्यार्कांतून हायड्रोजन काढून घेते. नायलॉनच्या एका जातीसाठीं लागणारें सायक्लोहेक्झॅनोन हें द्रव्य सायक्लोहेक्झॅनोल या मद्यार्कापासून याच रीतीनें ताम्रयुक्त उत्प्रेरकांवर काढतात. याचा अर्थ असा कीं, क्रिया कोणत्या दिशेस जावयाची व कोठवर जावयाची हें ठरविणें उत्प्रेरकाच्या हातीं नसतें. तें ठरतें उष्णतामान, दाब आणि द्रव्यांचें परस्पर प्रमाण यांवरून. उत्प्रेरक फक्त वाट मोकळी करून देतो. आणि मोकळी झालेली वाट जाणाराला जशी उपयोगी, तशीच येणारालाहि. जें मुळांतच घडूं शकत नाहीं तें कोणताहि उत्प्रेरक घडवून आणूं शकत नाहीं.

मग एका उत्प्रेरकाहून दुसरा चांगला कां म्हणावयाचा? तो काय करतो यावरून जितकें, तितकेंच तो काय करीत नाहीं यावरून. निकलच्या हातीं पुरेसें उष्णतामान व दाब दिला, तर तें बेंझिनच्या वर्तुळाकार सांगाड्यासहि हायड्रोजननें भरून टाकतें. कॉपर क्रोमाइट त्या सांगाड्यास सहसा धक्का लावीत नाहीं; त्याला जोडलेल्या प्राणवायुयुक्त भागावरच काम करून थांबतें. याचें एक चांगलें उदाहरण आपल्या शेतांतल्या मालाशीं संबद्ध आहे. उसाचें चिपाड, मक्याचीं कणसें दाणे काढल्यावर उरतात ती बुरकुंडें, ओट धान्याचीं फोलें, यांपासून आम्लाच्या योगें फरफ्युरल नांवाचा तेलकट द्रव निघतो. अमेरिकेंत सीडर रॅपिड्स येथें ओटच्या फोलांपासून १९२२ सालीं त्याचें व्यापारी उत्पादन सुरू झालें. या फरफ्युरलवर कॉपर क्रोमाइटच्या मदतीनें हायड्रोजनची क्रिया केली म्हणजे फरफ्युरिल मद्यार्क होतो. त्याचें आंतील वर्तुळ मात्र अखंड राहतें. तें अखंड राहतें म्हणूनच पुढें त्याची राळ करतां येते, आणि ती राळ ओतीव कामाच्या कारखान्यांत सांच्याची वाळू घट्ट बांधण्यास वापरतात. महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांत चिपाड बहुतेक भट्टींतच जाळलें जातें. त्या चिपाडांत इतकी किंमत दडलेली आहे, हें उसाच्या मुलखांतील तरुणांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या पुडीचा आणखी एक उपयोग अगदींच निराळ्या क्षेत्रांतला. अग्निबाणाच्या घन इंधनांत अमोनियम परक्लोरेट हें द्रव्य असतें. त्यांत कॉपर क्रोमाइटचा अल्प अंश मिसळला कीं परक्लोरेटचें विघटन लवकर होतें आणि इंधन अधिक वेगानें जळतें. अशा इंधनांचें संशोधन करणारी उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा पुण्याजवळ सुतारवाडी येथें आहे. मात्र येथें उत्प्रेरक पुन्हां हातीं लागत नाहीं. ज्वाळेबरोबर तोहि निघून जातो.

कारखान्यांतली पूड तरी अमर आहे काय? व्याख्येप्रमाणें ती अक्षय असावयास पाहिजे. व्यवहारांत तसें होत नाहीं. तांब्याचा कण जितका सूक्ष्म तितका त्याचा पृष्ठभाग अधिक, आणि काम तर पृष्ठभागावरच चालतें. परंतु उष्णतेनें हे सूक्ष्म कण हळूहळू एकमेकांस चिकटून मोठे होतात. क्रोमियमचें ऑक्साइड त्यांच्यामध्यें भिंतीसारखें उभें राहून हा एकोपा लांबवितें. क्रोमियमचें मुख्य काम तें हेंच. तरीहि कालांतरानें पूड थकते. ॲडकिन्स यांच्या प्रयोगशाळेंत काळी पूड तांबूस दिसूं लागली कीं ती निकामी झाली असें समजत. हें टाळण्यासाठीं तिच्यांत थोडें बेरियम मिसळण्याची युक्ति त्यांनीं काढली. शिवाय गंधक व क्लोरीन हीं तिचीं हाडवैरी. कच्च्या मालांत त्यांचा अल्प अंश राहिला, तरी ते तांब्याच्या कणांवर ठाण मांडून बसतात आणि उठत नाहींत. आलेल्या पाहुण्यास बसावयास जागाच उरत नाहीं.

थकलेली पूड बाहेर काढावी लागते, आणि येथेंच आजच्या काळाचा खरा प्रश्न उभा राहतो. क्रोमियमचीं दोन रूपें आपण वर पाहिलीं: हिरव्या राखेंतलें व नारिंगी द्रावांतलें. हिरव्या रूपांतलें क्रोमियम त्या मानानें निरुपद्रवी. नारिंगी व पिवळ्या क्षारांतलें क्रोमियम मात्र भयंकर. तें पाण्यांत सहज विरघळतें, कातडीस व्रण पाडतें, आणि तें श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९० सालीं या रूपाची गणना माणसास निश्चितपणें कर्करोगकारक अशा द्रव्यांत केली. पिण्याच्या पाण्यांत सर्व मिळून क्रोमियम एका लिटरास ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक असूं नये, असें भारतीय मानक आहे.

कॉपर क्रोमाइटमधील क्रोमियम बहुतांशीं सौम्य रूपांत असतें हें खरें. परंतु तें तयार करावयाचें तें त्या विषारी नारिंगी क्षारापासूनच; धुतलेल्या पाण्यांत तो उतरूं शकतो, आणि टाकून दिलेली पूड अयोग्य रीतीनें तापविली गेल्यास सौम्य रूपाचें पुन्हां उग्र रूप होऊं शकतें. या क्षारांच्या उत्पादनानें मागें काय ठेवलें तें पाहावयाचें असल्यास तामिळनाडूंतील राणीपेट अथवा उत्तर प्रदेशांत कानपूरजवळील राणिया या गांवांकडे पाहावें. तेथें क्रोमेटच्या कारखान्यांचे उघड्यावर पडलेले ढिगारे पावसानें झिरपून भूजल पिवळें व विषारी झालें. हा दोष एकट्या कॉपर क्रोमाइटचा नव्हे. कातडें कमावणें, मुलामा देणें, रंग करणें अशा अनेक धंद्यांत हे क्षार जातात. पण ज्या कुळांत ही पूड जन्मते तें कूळ असें आहे, हें लपवून तिचें गुणगान करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

सुदैवानें क्रोमियमला रजा देतां येते याचा पूर्वदाखला आहे. हाच प्रश्न मेथॅनॉल या मद्यार्काच्या धंद्यांत निराळ्या निमित्तानें सुटला. १९२३ पासून जर्मनींत मेथॅनॉल करीत तें जस्त व क्रोमियम यांच्या ऑक्साइडांवर, हवेच्या दाबाच्या तीनशेंपट दाबाच्या आसपास. १९६६ सालीं इंग्लंडांत तांबें, जस्त व ॲल्युमिनियम यांचा उत्प्रेरक आला. शुद्ध वायु मिळूं लागल्यामुळें नाजूक तांबें तेथें टिकलें, दाब पन्नास ते शंभर पटींवर आला, आणि जुना मार्ग मागें पडला. त्याच धर्तीवर मेदमद्यार्कासाठींहि जस्त, लोह, ॲल्युमिनियम किंवा वालुकाजन्य सिलिका यांच्या संगतींत तांबें बसविलेले क्रोमरहित उत्प्रेरक आतां मिळूं लागले आहेत. तथापि कित्येक कारखान्यांत जुनी पूडच चालू आहे, कारण ती काटक आहे, माहितीची आहे, आणि तिच्यासाठीं उभारलेलीं पात्रें बदलणें खर्चाचें आहे. हीं कारणें खोटीं नव्हेत. परंतु हिशेब मांडतांना कारखान्याच्या भिंतीबाहेरची विहीर हिशेबांत धरली, तर बेरीज निराळी येते.

आमचें मत थोडक्यांत असें. कोणत्याहि साहाय्यकाची परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी: तो काय करतो, कशास हात लावीत नाहीं, आणि काम संपल्यावर मागें काय ठेवतो. पहिल्या दोन परीक्षांत कॉपर क्रोमाइट मोठ्या मानानें उत्तीर्ण झालें आहे. देवमाशाचें मेण आणि सोडियमचा खर्च या दोहोंपासून त्यानें जगास पुष्कळ अंशीं सोडविलें. तिसऱ्या परीक्षेंत त्याचे गुण कमी पडतात. म्हणून त्याच्या पूर्वकर्तृत्वाचें ऋण मान्य करून त्यास सन्मानानें निवृत्त करण्याचे दिवस आले आहेत, असें आम्हांस वाटतें. ज्यांचीं मुलें रसायनशास्त्राच्या अभ्यासास लागलीं आहेत त्यांनीं हें त्यांच्या कानीं अवश्य घालावें. क्रोमियम करीत असलेलें भिंतीचें काम तितक्याच काटकपणें करील, आणि तरीहि कोणाच्या विहिरींत उतरणार नाहीं, असें द्रव्य शोधणें हें कांहीं हलकें काम नव्हे. आणि त्यासाठीं लागणारी बुद्धि आपल्या घरांतून खचित आहे.